रमाबाई रानडे: अकराव्या वर्षी हातात पाटी, बाविसाव्या वर्षी गव्हर्नरांपुढे इंग्रजी

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे गाव आज बहुतेकांना यशवंतराव चव्हाण यांचं जन्मगाव म्हणून माहीत आहे. यशवंतरावांच्या एक्कावन्न वर्षं आधी, २५ जानेवारी १८६२ रोजी, याच गावात कुर्लेकरांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचं नाव यमुना. घर खाऊनपिऊन सुखी होतं, माणसांनी भरलेलं होतं. पण मुलींच्या हाती पाटी द्यायची पद्धत नव्हती. शिकलेली मुलगी लवकर विधवा होते, हा समज त्या काळी गावोगाव पक्का बसलेला होता. त्यामुळे वयाच्या अकराव्या वर्षी लग्न होऊन यमुना पुण्याला आली तेव्हा तिला आपलं नावही लिहिता येत नव्हतं.

नवरा मात्र मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी एक. महादेव गोविंद रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते, पुण्यात सब-जज्ज होते आणि विधवाविवाहाच्या चळवळीतलं मोठं नाव होतं. १८७३ च्या ऑक्टोबरात त्यांची पहिली पत्नी वारली. आता ते विधवेशीच लग्न करणार, असं सगळे धरून चालले होते. वडील गोविंदराव कोल्हापूरच्या नोकरीतले, जुन्या वळणाचे. त्यांनी घाईघाईनं मुलगी पाहिली आणि त्याच वर्षी डिसेंबरात लग्न उरकलं. रानड्यांना वडिलांचा शब्द मोडवला नाही. सुधारक मंडळींनी त्यांना यावरून जन्मभर बोल लावला, आणि तो अगदीच चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. ज्या माणसानं इतरांना धीर दिला, तोच आपल्या वेळी कचरला.

रानड्यांनी ही चूक भरून काढायला म्हणून बायकोला शिकवलं, असं काही जण लिहितात. तसं असेलही. पण लग्नानंतर पहिल्यांदा दोघं एकमेकांशी बोलली तेव्हाच त्यांनी तिला लिहिता-वाचता येतं का ते विचारलं, आणि लगेच पाटी-पेन्सिल घेऊन श्रीगणेशा गिरवायला बसवलं, हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलेलं आहे. सासरी यमुनेची रमा झाली होती. दिवसभर स्वयंपाकघर आणि रात्री दोन तास अभ्यास असा क्रम सुरू झाला. काही दिवसांत बाराखडी झाली, पुढे मराठी पुस्तकं आली. दिवसा शिकवायला मुलींच्या ट्रेनिंग कॉलेजातल्या एक मास्तरीणबाईही येऊ लागल्या.

सासर-माहेरचा फरक

माहेरहून निघताना वडिलांनी मुलीला बजावलं होतं की सासरी कोणी काही बोललं तरी उलट उत्तर द्यायचं नाही आणि नवऱ्याकडे चहाड्या न्यायच्या नाहीत. हा उपदेश रमाबाईंनी इतका मनावर घेतला की पुढची कित्येक वर्षं त्या घरात नुसतं ऐकून घेत राहिल्या. घरात सासूबाई, नणंद, नात्यातल्या वडीलधाऱ्या बायका असा मोठा गोतावळा होता. सून मोठ्यानं वाचायला लागली की माजघरातून टोमणे सुरू. नवऱ्याला खूश करायला शिकायचंच असेल तर गुपचूप शिकावं, चारचौघांत मिरवू नये, असा त्यांचा एकूण सूर.

या बायकांना खलनायिका करणं सोपं आहे, मालिकांत तसं केलंही जातं. पण त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. त्यांच्यापैकी कोणालाच कोणी दोन तास शेजारी बसून शिकवलं नव्हतं. कालपर्यंत आपल्यासारखीच चूल फुंकणारी पोर उद्या आपल्याला न कळणाऱ्या भाषेत बोलायला लागणार, ही भीती होती, आणि थोडा हेवाही. खुद्द रमाबाईंच्या आठवणींत या बायकांबद्दल कडवटपणा फारसा नाही. त्या काय बोलल्या ते लिहिलंय, त्यांनी केलेल्या चांगल्या गोष्टीही लिहिल्यात.

मराठी वाचता येऊ लागलं आणि मग इंग्रजीची पाळी आली. इथे विरोधाची धार वाढली. मराठी वाचणारी सून एक वेळ चालेल. पोथी वाचेल, व्रतकथा वाचेल. इंग्रजी मात्र कचेरीची, साहेबाची, पुरुषांच्या बैठकीची भाषा. बाईमाणसाला ती कशाला हवी, याचं उत्तर घरात कोणाकडेच नव्हतं. रमाबाईंकडेही सुरुवातीला नसावं.

नाशिकची वर्षं

१८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली. पुण्याच्या मोठ्या कुटुंबातून दोघंच बाहेर पडली आणि रमाबाईंच्या वाट्याला पहिल्यांदा स्वतःचा वेळ आला. लोकहितवादी गोपाळराव हरी देशमुख तेव्हा नाशिकलाच न्यायखात्यात होते. त्यांच्या घरातल्या बायकांशी रमाबाईंचं जाणं-येणं सुरू झालं, मुलींच्या शाळेत येणं-जाणं झालं, हळदीकुंकवाच्या निमित्तानं शिक्षणाच्या गोष्टी निघू लागल्या. सकाळ-संध्याकाळ इंग्रजीचा धडा होई. टोमणे मारायला घरात कोणी नव्हतं, त्यामुळे वाचन मोठ्यानं करता येई. परकी भाषा शिकताना ही साधी वाटणारी गोष्ट फार मोलाची असते. तोंडातून शब्द बाहेर पडला, कानावर आला, चुकला, दुरुस्त झाला, की तो राहतो. मनातल्या मनात वाचलेला शब्द डोळ्यांपुढून निघून जातो.

पुढच्याच वर्षी पुण्यात बुधवारवाड्याला आणि विश्रामबागवाड्याला आग लागली, वासुदेव बळवंतांचं बंड गाजत होतं, आणि सरकारला पुण्यातल्या प्रत्येक शिकलेल्या ब्राह्मणाचा संशय येऊ लागला. रानड्यांना तडकाफडकी धुळ्याला पाठवलं. तिथं त्यांची पत्रं फोडून वाचली जात. रमाबाईंचा अभ्यास या सगळ्या धावपळीतही थांबला नाही.

तो का थांबला नाही, याचं एक कारण रानड्यांच्या डोळ्यांत आहे. ऐन तरुणपणापासून त्यांना डोळ्यांचा त्रास होता. वाचनाची भूक मात्र अफाट: इंग्रजी वर्तमानपत्रं, सरकारी अहवाल, इतिहास, अर्थशास्त्र. स्वतः वाचणं जड जाई तेव्हा कोणीतरी वाचून दाखवायला लागे. हळूहळू ते काम रमाबाईंकडे आलं. रात्री तळपायाला तूप चोळणं हे जसं नेमाचं काम, तसंच वाचून दाखवणंही.

इथे रमाबाईंच्या इंग्रजीची खरी मेख आहे. शाळेत मूल वाचतं ते मास्तरांनी तपासावं म्हणून. त्या धड्यातला मजकूर मास्तरांना आधीच ठाऊक असतो, वाचणाऱ्यालाही तो कोणाला कळवायचा नसतो. रमाबाई वाचत होत्या ते समोरच्या माणसाला ती बातमी हवी होती म्हणून. शब्द अडखळला तर अर्थ लागत नाही आणि ऐकणारा थांबवून विचारतो. शिवाय वर्तमानपत्राचा एक गुण असा की त्यात रोज तेच ते शब्द फिरून येतात. कायदा, कौन्सिल, कमिटी, जमीनमहसूल, दुष्काळ, कर. आज न कळलेला शब्द परवा पुन्हा भेटतो, वेगळ्या वाक्यात, वेगळ्या शेजाऱ्यांबरोबर. चार वेळा भेटला की कोश उघडायची गरज राहत नाही. नंतरच्या कित्येक मराठी पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतून वाक्यामागून वाक्यं उलटवत इंग्रजी शिकल्या, आणि त्यातून व्याकरण पक्कंही झालं. पण पाठमाला संपवूनही इंग्रजी पेपर हातात धरायला कचरणारी माणसं घरोघरी होती. त्यांचं वाक्य बिनचूक असे, अडत असे ते शब्दांशी आणि वेगाशी. रमाबाईंची गाडी उलट्या बाजूनं निघाली होती. आधी वाचनाचा सराव झाला, नियम मागाहून आले.

मिस हर्फर्ड आणि सोवळं

१८८१ साली रानडे पुन्हा पुण्यात आले आणि रमाबाई पुन्हा मोठ्या कुटुंबात. सासरे वारल्यानंतर कोल्हापूरची मंडळीही पुण्यातच आली होती. आता इंग्रजीसाठी घरी मिस हर्फर्ड येऊ लागल्या. त्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख होत्या, आणि पुढे हुजूरपागा शाळेच्याही पहिल्या प्रमुख झाल्या. घरात मडमेचा पाय लागणं हीच मोठी गोष्ट. तिच्या शेजारी बसून, तिच्या हातातलं पुस्तक हातात घेऊन शिकल्यावर सून सोवळ्याच्या स्वयंपाकघरात कशी येणार? म्हणजे धडा झाला की शिवाशिवीचा प्रश्न आलाच. धुतल्याशिवाय, बदलल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. प्रत्येक इंग्रजी धड्याची किंमत ही अशी रोखीत मोजावी लागे, आणि ती रमाबाईंनी तक्रार न करता मोजली. रानड्यांना घरात काय चाललंय ते कळत होतं. बायकांशी भांडून शिक्षण पुढं नेण्यापेक्षा त्यांनी सहन करण्याचा सल्ला दिला. आजच्या वाचकाला हे खटकेल आणि खटकावंच. सहन करायचं होतं ते त्यांना स्वतःला नव्हे, रमाबाईंना.

तरी याच वर्षांत सुटकेच्या वाटाही होत्या. शेतकरी कर्जनिवारण कायद्याखाली रानड्यांना पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांत फिरतीचं काम लागलं. फिरतीवर रमाबाई बरोबर जात. मुक्कामाच्या गावी मुलींची शाळा असली तर तिथं जाऊन येत, आणि उरलेल्या वेळी वाचन. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज निघाला. पंडिता रमाबाईंच्या व्याख्यानांना जाणं हा पुण्यातल्या सनातनी घरांत मोठाच गुन्हा होता. रमाबाई रानडे जात राहिल्या आणि घरी येऊन बोलणी खात राहिल्या.

मुलींसाठी इंग्रजी शिक्षण देणारं हायस्कूल पुण्यात हवं, अशी खटपट रानडे, वामन आबाजी मोडक, रा. गो. भांडारकर, सर विल्यम वेडरबर्न वगैरे मंडळी करत होती. त्यासाठी हिराबागेत सभा भरली, मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन आले. आणि त्या सभेत बायकांच्या वतीनं मागणीचं इंग्रजी भाषण वाचायला उभ्या राहिल्या रमाबाई. मजकूर रानड्यांनी तयार केला होता. पण भरल्या सभेत, साहेब लोकांपुढे, तो न अडखळता वाचणं हे काम रमाबाईंचं होतं. अकरा वर्षांपूर्वी जिला आपलं नाव लिहिता येत नव्हतं तिनं गव्हर्नरांच्या भाषेत त्यांच्याकडे शाळा मागितली. २९ सप्टेंबर १८८४ रोजी ती शाळा सुरू झाली. हुजूरपागा म्हणून ती आजही पुण्यात चालू आहे.

त्या दिवशी घरी परतल्यावर काय झालं असेल याची कल्पना करता येते. पुरुषांच्या सभेत उभं राहून इंग्रजीत वाचलं, यापुढे आता लाज उरली कुठं, असा घरातल्या बायकांचा पवित्रा. बोलणं टाकलं गेलं. रमाबाईंनी वडिलांचा उपदेश पुन्हा एकदा पाळला आणि गप्प राहिल्या.

कलकत्त्याचा न्हावी

१८८६ मध्ये रानडे सरकारच्या फायनान्स कमिटीवर नेमले गेले आणि दोघं सिमला-कलकत्त्याला गेली. कलकत्त्यातला एक प्रसंग रमाबाईंनी फार मजेनं सांगितला आहे. दारावर बंगाली वर्तमानपत्र विकणारा आला. आपल्याला बंगाली येत नाही म्हणून रमाबाईंनी त्याला परत पाठवलं. रानड्यांना ते रुचलं नाही. ज्या गावात राहतो तिथली भाषा वाचता न यावी, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी बंगाली पुस्तकं आणवली आणि स्वतःच शिकायला बसले. सकाळी न्हावी दाढी करायला येई. तो वस्तरा फिरवत असताना हे हातात पुस्तक धरून वाचत, अडलेल्या शब्दाचा उच्चार नि अर्थ त्यालाच विचारत, आणि तोही सांगे. हायकोर्टाच्या वाटेवर असलेला न्यायाधीश न्हाव्याकडे शिकतोय, हे पाहून रमाबाईंना हसू आलं. रानड्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्याला येतं तो गुरू, एवढा साधा त्यांचा हिशेब होता. मग ते रमाबाईंना बंगाली शिकवू लागले आणि थोड्याच दिवसांत त्याही वाचू लागल्या.

बेळगाव, निपाणी, बिदर, वडोदरा, इंदूरकडच्या मराठी घरांना हा प्रसंग परका वाटणार नाही. दारावर येणारं विजेचं बिल एका लिपीत, मुलाचं पुस्तक दुसऱ्या, आणि आजीचं पत्र तिसऱ्या, हे इथं रोजचंच आहे. भाजीवाली, रिक्षावाला, शेजारची काकू यांच्याकडून शब्द उचलत इथल्या माणसांनी कन्नड, गुजराती, कोकणी, हिंदी आपलीशी केली. इंग्रजी मात्र आपण क्लास लावूनच शिकायची असं ठरवून टाकलंय, कारण ती बोलणारा न्हावी दारावर येत नाही. रमाबाईंच्या बाबतीत ती उणीव रोजच्या वाचनानं भरून काढली. बंगाली त्यांना पटकन आली यालाही कारण आहे. संस्कृताचे कितीतरी शब्द दोन्ही भाषांत सारखेच. आणि तोपर्यंत इंग्रजी शिकताना न कळलेल्या शब्दापाशी अडून न बसता पुढच्या वाक्यावरून अंदाज बांधायची सवय त्यांना लागलेली होती.

१८९३ मध्ये रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. मुंबईत रमाबाईंनी बायकांचा क्लब चालवला, भाषणं केली, व्यवस्था पाहिली. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाई तेव्हा एकोणचाळिशीला टेकल्या होत्या आणि मूलबाळ नव्हतं. पुण्याला येऊन वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत.

त्यानंतरचं त्यांचं काम पुष्कळांना ठाऊक आहे. तुरुंगातल्या बायकांकडे त्या जाऊ लागल्या, आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथं मोठ्या वयाच्या बायकांसाठी वर्ग होते, नर्सिंगचं शिक्षण होतं, शिक्षिका तयार होत. विधवा, टाकलेल्या, लहानपणी शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका तिथं पंचविशी-तिशीत पाटी घेऊन बसत. त्या बायकांपुढे उभी असलेली बाई स्वतः उशिरा शिकलेली होती. घरकाम आटोपून थकलेल्या डोळ्यांनी अक्षरं जुळवणं म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुण्यात मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाचा वाद पेटला तेव्हा त्या रस्त्यावर उतरल्या, मुंबई इलाख्यात बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणूनही झटल्या. १९२४ मध्ये त्यांचं निधन झालं. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६२ मध्ये, टपाल खात्यानं त्यांच्या चित्राचं तिकीट काढलं.

त्यांनी स्वतः लिहिलेलं पुस्तक मात्र मराठीत आहे. आमच्या आयुष्यातील काही आठवणी हे त्याचं नाव, साल १९१०. इंग्रजी येत असूनही त्यांनी घरातल्या बायकांना कळेल अशा भाषेत लिहिलं. वाक्यं साधी, बोलल्यासारखी, कुठं विद्वत्तेचा आव नाही. पुढे या पुस्तकाची दोन इंग्रजी भाषांतरं निघाली. एक १९३८ मध्ये कॅथरीन गेट्स यांचं, दुसरं १९६३ मध्ये कुसुमावती देशपांडे यांचं.

आणि मधल्या काळात, १९१५ मध्ये, आणखी एक पुस्तक निघालं. न्यायमूर्ती रानड्यांचे इकडेतिकडे विखुरलेले इंग्रजी लेख आणि भाषणं एकत्र करून छापलेला तो जाडजूड ग्रंथ. प्रस्तावना दिनशा वाच्छा यांची. प्रकाशक म्हणून पहिल्या पानावर नाव आहे रमाबाई रानडे यांचं.